केंद्रे उभी, पंप बंद : सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसायचा?

देशातील शहरांत दररोज निर्माण होणाऱ्या सांडपाण्यापैकी २०२०-२१ साली जेमतेम २८ टक्के सांडपाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. हा कोणा विरोधी पक्षाचा आरोप नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीतील आकड्यांचा हा सरळ हिशेब आहे. त्या पाहणीनुसार २०२०-२१ साली नागरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. उभारलेल्या शुद्धीकरण केंद्रांची एकूण क्षमता रोजची ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. त्यांपैकी चालू स्थितीतील क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर होती, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती अवघ्या २०,२३५ दशलक्ष लिटरांवर.

या आकड्यांत दोन वेगवेगळ्या तुटी आहेत. पहिली तूट केंद्रेच नसल्याची आहे, आणि तिची चर्चा सर्वत्र होते. कारण तिच्यावर निविदा निघतात, पायाभरणी होते आणि कोनशिला बसतात. दुसरी तूट अधिक लाजिरवाणी आहे. जनतेच्या पैशाने बांधून पूर्ण झालेल्या क्षमतेपैकी सुमारे ११,६०० दशलक्ष लिटरांची, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक क्षमता वापरातच नव्हती. पुढारलेले म्हणविणारे महाराष्ट्र राज्यही याला अपवाद नाही. रोजच्या ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाण्यासाठी तेथे ६,८९० दशलक्ष लिटरांची क्षमता उभी होती आणि प्रत्यक्षात ४,२४२ दशलक्ष लिटरांवरच प्रक्रिया होत होती. कोठे केंद्रापर्यंत वाहिन्याच पोहोचलेल्या नाहीत, कोठे घरे वाहिन्यांना जोडलेली नाहीत. पण अनेक ठिकाणी केंद्र आहे, सांडपाणीही आहे, आणि तरीही यंत्रे थांबलेली आहेत. ती थांबण्याचे कारण एकच : ती चालविण्याचा खर्च कोणी आणि कोठून करावयाचा, याचे उत्तर केंद्र बांधताना कोणी दिलेलेच नव्हते.

या परिस्थितीवर राज्यकर्त्यांकडून आणि त्यांच्या सल्लागार पंडितांकडून एकच उपाय सांगितला जातो. नगरपालिका अकार्यक्षम आहेत, जनता फुकटी आहे. तेव्हा केंद्रे खाजगी कंपन्यांकडे सोपवा आणि नागरिकांकडून वापर-आकार वसूल करा. हा उपदेश इतका सातत्याने केला जातो की चळवळीतील काही कार्यकर्त्यांनाही तो अपरिहार्य वाटू लागला आहे. म्हणूनच तो हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे.

खर्च म्हणजे नेमका काय?

सांडपाणी शुद्ध करण्याची जी पद्धत जगभर सर्वाधिक प्रचारात आहे, ती १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. दोघेही मँचेस्टर शहराच्या सार्वजनिक मलनिस्सारण खात्यात काम करीत होते. खाजगी उद्योजकाच्या प्रतिभेशिवाय शोध लागत नाहीत, असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. या पद्धतीत सांडपाण्यातील घाण खाणाऱ्या जीवाणूंना सतत हवा पुरविली जाते. हवा थांबली की काही तासांतच जीवाणू मरू लागतात आणि मेलेली प्रक्रिया पुन्हा उभी करण्यास दिवसच्या दिवस, कधी आठवडे लागतात. धरण बांधून झाले की ते पाणी अडवीत उभे राहते. सांडपाणी केंद्राचे तसे नाही; ते रोज, रात्रंदिवस चालवावे लागते. ज्या दिवशी ते चालत नाही त्या दिवशी ते केवळ काँक्रीटचे डबके असते.

हवा देणारी यंत्रे विजेवर चालतात आणि केंद्राच्या वीजवापरापैकी मोठा वाटा त्यांचाच असतो. या पद्धतीने एक दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्यास ढोबळ मानाने २०० युनिट वीज लागते असे धरून हिशेब करून पाहता येईल. रोज १०० दशलक्ष लिटरांचे केंद्र दिवसाला २०,००० युनिट वीज घेईल. युनिटला ८ रुपये दर धरला तर दिवसाचे वीजबिल १ लाख ६० हजार रुपये आणि वर्षाचे ५ कोटी ८४ लाख रुपये होईल. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात हा आकडा डोळ्यांवर येतो. परंतु तोच आकडा माणशी मांडला की वेगळे चित्र दिसते. हजार लिटरांमागे विजेचा खर्च १ रुपया ६० पैसे पडतो. एक माणूस दिवसाला १०० लिटर सांडपाणी निर्माण करतो असे धरले, तर त्याच्या वाट्याला महिन्याला पाच रुपयांहूनही कमी वीजखर्च येतो. उदंचन केंद्रांची वीज, कामगारांचे पगार, निर्जंतुकीकरणाची रसायने, गाळाची विल्हेवाट, पंपांची दुरुस्ती आणि प्रयोगशाळेतील चाचण्या हे सर्व मिळवून हा आकडा तिप्पट झाला तरी तो माणशी महिना पंधरा रुपयांच्या आसपास राहतो.

स्थानिक परिस्थितीनुसार हे आकडे वरखाली होतील. पण त्यांचा आवाका बदलत नाही. अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन पेलणाऱ्या देशाला माणशी महिना पंधरा रुपये परवडत नाहीत, असे म्हणण्यास कोणी धजावणार नाही. तेव्हा अडचण रकमेच्या आकाराची नाही. ही रक्कम कोणाच्या खजिन्यातून यावयाची, कोणत्या वर्गाकडून वसूल व्हावयाची आणि कोणाच्या हातात जावयाची, येथे खरा प्रश्न सुरू होतो. आणि तो राजकीय प्रश्न आहे.

गंगा कृती योजनेचा धडा

या प्रश्नाचे उत्तर टाळल्यास काय होते हे गंगेच्या काठी चाळीस वर्षांपूर्वीच दिसून आले. १९८५ साली गंगा कृती योजना जाहीर झाली आणि १४ जून १९८६ रोजी वाराणसी येथे तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिचा समारंभपूर्वक प्रारंभ झाला. पहिला टप्पा ३१ मार्च २००० रोजी बंद करण्यात आला तोवर सुमारे ४५२ कोटी रुपये खर्च झाले होते. बांधकामाचा पैसा केंद्राने दिला. चालविण्याचा भार मात्र पुढे राज्यांवर आणि नगरपालिकांवर टाकण्यात आला. ज्या नगरपालिकांना आपल्या कामगारांचे पगार वेळेवर देता येत नव्हते, त्यांच्या दारात अशा रीतीने विजेचे प्रचंड बिल येऊन पडले.

परिणाम ठरलेलाच होता. कानपूर आणि वाराणसी येथे वीज गेली की उदंचन केंद्रे थांबत आणि मैला थेट गंगेत वाहत असे. जनित्रे असलीच तर त्यांच्या डिझेलला पैसे नसत. राज्यांनी चालविण्यासाठी निधी न दिल्याने उभारलेली यंत्रणा निकामी पडून राहिल्याचे ताशेरे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००० सालच्या अहवालात ओढले. वाराणसीतील जलशास्त्राचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे तर अनेक वर्षे हेच सांगत होते : ज्या शहरात वीज भरवशाची नाही तेथे विजेवर श्वास घेणारी केंद्रे बांधू नका, उताराने वाहणाऱ्या वाहिन्या आणि तळ्यांची पद्धत वापरा. श्रद्धाळू महंत आणि भौतिकवादी कार्यकर्ता यांच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीत महदंतर असेल, परंतु या प्रश्नावर महंतांचा हिशेब सरकारी अभियंत्यांच्या हिशेबापेक्षा अधिक भौतिकवादी होता.

१९९३ साली जपानी कर्जाच्या साहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली, तेव्हा वीज कमी लागावी म्हणून हवेविना चालणाऱ्या जीवाणूंची पद्धत अनेक केंद्रांत स्वीकारण्यात आली. या पद्धतीत इंधनवायूही मिळतो. कल्पना चुकीची नव्हती. पण कमी वीज म्हणजे कमी देखभाल, असा सोयीस्कर अर्थ लावण्यात आला. गाळ वेळेवर काढला गेला नाही, वायूचा उपयोग झाला नाही आणि बाहेर पडणारे पाणी पुरेसे शुद्ध होईना. धडा स्पष्ट आहे. कोणतीही पद्धत निवडा. ती चालविण्यासाठी शिकलेले, कायम नोकरीतले कामगार आणि खात्रीचा निधी नसेल तर ती अपयशी ठरते.

पंधरा वर्षांची हमी कोणाला?

या अपयशातून सरकारने जो निष्कर्ष काढला तो मासलेवाईक आहे. नगरपालिकांना चालविण्याचा निधी मिळाला नाही म्हणून केंद्रे बंद पडली. म्हणून निधी द्यावयाचा, पण नगरपालिकांना नव्हे! २०१५ साली २०,००० कोटी रुपयांची 'नमामि गंगे' योजना मंजूर झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 'हायब्रिड अॅन्युइटी' नावाची पद्धत स्वीकारली. तिच्यानुसार बांधकाम खर्चाचा ४० टक्के भाग कंपनीला बांधकामाच्या काळातच मिळतो. उरलेले ६० टक्के पुढील १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि त्याच १५ वर्षांत चालविण्याचा व देखभालीचा खर्चही सरकारी तिजोरीतूनच मिळतो. २०१७ साली वाराणसी आणि हरिद्वार येथील केंद्रांसाठी या पद्धतीचे पहिले करार झाले.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात की पूर्वी ठेकेदार केंद्र बांधून, बिल उचलून निघून जात असे; आता पाणी ठरलेल्या गुणवत्तेचे निघाले तरच त्याला पैसे मिळतात. या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. देयके कामाच्या गुणवत्तेशी बांधलेली असलीच पाहिजेत. पण त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर समर्थकांपाशी नाही. पंधरा वर्षे चालविण्याचा खर्च देण्याची हमी केंद्र सरकार जर खाजगी कंपनीला देऊ शकते, तर हीच हमी, याच अटींवर, नगरपालिकेला किंवा राज्याच्या जलमंडळाला का देऊ शकत नाही? पैसा तर तोच, जनतेच्या करांचा. फरक एवढाच की पहिल्या व्यवस्थेत त्यातून कर्जावरील व्याज आणि भागधारकांचा नफा आधी वळता होतो. ३० वर्षे नगरपालिकांना उपाशी ठेवावयाचे, मग त्या अशक्त आहेत म्हणून त्यांना नालायक ठरवावयाचे आणि त्यांच्या तोंडचा घास कंपनीच्या ताटात वाढावयाचा, असा हा न्याय आहे.

शिवाय कंपनी जोखीम पत्करते हा दावाही तपासून घेतला पाहिजे. २०२२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात गंगा प्रदूषणाच्या प्रकरणाची सुनावणी चालू असताना प्रयागराज येथील केंद्रांच्या कराराचा मजकूर न्यायालयापुढे आला. क्षमतेहून अधिक सांडपाणी आले तर त्याची जबाबदारी केंद्र चालविणाऱ्या कंपनीवर राहणार नाही, अशी तरतूद त्यात होती. अशा करारांनी गंगा कशी स्वच्छ होणार, असे न्यायालयाने सुनावले. शहर वाढते आहे, सांडपाणी वाढते आहे. वाढीचा धोका नदीने आणि काठच्या जनतेने घ्यावयाचा आणि हप्ता मात्र कंपनीने घ्यावयाचा, असा त्या तरतुदीचा अर्थ होतो.

ही पद्धत आता गंगेच्या खोऱ्यापुरती राहिलेली नाही. सार्वजनिक निधीतून दीर्घ मुदतीची चालन-कंत्राटे देण्याचा प्रघात सर्वत्र पडत आहे. मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील सात केंद्रांची पायाभरणी झाली. एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आणि खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये सांगण्यात आला. ही केंद्रे झालीच पाहिजेत. मुंबईचा मैला अर्धवट प्रक्रिया करून समुद्रात सोडणे लांच्छनास्पद आहे. परंतु देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेला स्वतःचे अभियंते आणि कामगार यांच्या बळावर ती चालविता येऊ नयेत, हे कोणत्या तर्काने ठरले, याचे उत्तर मागितले गेले पाहिजे.

इंग्लंडचे उदाहरण

खाजगीकरणाची फळे पाहावयाची असतील तर ज्या देशात ही पद्धत जन्मली त्याच देशाकडे पाहावे. १९८९ साली थॅचर सरकारने इंग्लंड आणि वेल्समधील पाणीपुरवठा व मलनिस्सारण खाजगी कंपन्यांना विकले. जुलै २०२१ मध्ये कँटरबरी येथील न्यायालयाने सदर्न वॉटर या कंपनीला ९ कोटी पौंड दंड ठोठावला. कंपनीने ५१ गुन्हे कबूल केले होते. २०१० ते २०१५ या काळात तिने केंट, हॅम्पशायर आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर प्रक्रिया न केलेला मैला पुनःपुन्हा समुद्रात सोडला होता.

ही एका लबाड कंपनीची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शुद्धीकरणाच्या धंद्यात नफा वाढविण्याचे मार्गच मुळी थोडे आहेत. वीज वाचवा म्हणजे हवा कमी द्या. गाळ वाचवा म्हणजे तो पावसाळी पुरात सोडून द्या. पगार वाचवा म्हणजे तीन माणसांचे काम एकाकडून करून घ्या. प्रत्येक काटकसर नदीला किंवा कामगाराला भोगावी लागते आणि ती बाहेर दिसत नाही, कारण घाण पाणी रात्रीच्या अंधारातही वाहते. दुकानातील माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक तो परत करते. येथे गिऱ्हाईक शहरात वरच्या अंगाला राहते आणि वाईट माल पोहोचतो तो प्रवाहाखालच्या गावांत.

काटकसरीची किंमत

कामगाराला ही काटकसर काय भावात पडते, हे उत्तराखंडातील चमोली येथे दिसले. जुलै २०२३ मध्ये अलकनंदेच्या काठी 'नमामि गंगे' योजनेखालील एका सांडपाणी केंद्रात प्रथम तेथील एका कर्मचाऱ्याचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. १९ जुलै रोजी पंचनाम्यासाठी पोलीस आणि गावकरी तेथे जमले असता केंद्राच्या लोखंडी कठड्यात पुन्हा वीजप्रवाह उतरला. एकूण १६ जणांचे बळी गेले. केंद्र चालविण्याचे काम खाजगी कंत्राटदाराकडे होते. विजेची जोडणी जमिनीत नीट उतरविणे, वीजप्रवाह गळू लागताच तो तोडणारी साधने बसविणे आणि त्यांची नियमित तपासणी करणे ही सारी 'देखभाल' या सदरात मोडणारी कामे आहेत. हिशेबाच्या वहीत जे सदर सर्वांत आधी कापले जाते तेच हे सदर.

गटारांतील आणि मैलाटाक्यांतील मृत्यूंची मालिका तर संपतच नाही. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. तरीही माणसे विषारी वायूने गुदमरून मरत आहेत, कारण त्यांना खाली उतरविणारा शहर आणि कामगार यांच्यामध्ये ठेकेदार, उपठेकेदार आणि मुकादम यांची साखळी उभी आहे, आणि जबाबदारी त्या साखळीत विरून जाते. मरणारे बहुतांशी दलित आहेत. शुद्धीकरणाचा खर्च 'स्वस्त' ठेवण्यात जातिव्यवस्था ही भांडवलाची मुकादम म्हणून कशी राबते, याचा याहून ढळढळीत पुरावा नको.

वापर-आकाराचे तत्त्वज्ञान

राहिला 'ज्याने घाण केली त्याने पैसे द्यावेत' या तत्त्वाचा प्रश्न. ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत केंद्राच्या निधीसाठी जी अट घालण्यात आली, तिच्यानुसार चालविण्याचा व देखभालीचा संपूर्ण खर्च सात वर्षांत वापर-आकारातून वसूल करावयाचा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्रे तीन वर्षांत उभारण्याचा आदेश देताना, स्थानिक संस्थांनी त्यांच्या खर्चासाठी लाभार्थींकडून निधी उभारण्याचे निकष ठरवावेत असे सांगितले.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. खर्च माणशी महिना पंधरा रुपयेच असेल, तर तो सर्वांकडून सारखा घेण्यास हरकत कोणती? हरकत अशी की घाण सर्वजण सारखी करीत नाहीत आणि लाभही सर्वांना सारखा मिळत नाही. झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर दोन हंडे भरणाऱ्या कुटुंबाचे सांडपाणी उघड्या नाल्यातून जाते. मलवाहिनी त्याच्या दारापर्यंत आलेलीच नसते. पोहण्याचा तलाव आणि बागबगीचे असलेल्या वसाहतीचे सांडपाणी मात्र वाहिनीने केंद्रात जाते. दोघांना एकच आकार लावणे म्हणजे झोपडीने बंगल्याचा मैला शुद्ध करून देणे होय. जो आकार लावावयाचा तो पाण्याच्या वापराच्या चढत्या टप्प्यांनी, मालमत्तेच्या मूल्यानुसार, आणि ज्याच्या दारात मलवाहिनी आहे त्यालाच लावला गेला पाहिजे.

आणि 'प्रदूषकाने भरावे' हे तत्त्व कारखानदारांच्या दारात पोहोचताच कसे मवाळ होते तेही पाहावे. औद्योगिक वसाहतींतील सामूहिक शुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारच्या २०१२ च्या सुधारित योजनेत बांधकाम खर्चाचा ५० टक्के भाग केंद्राने, २५ टक्के राज्याने आणि उरलेला २५ टक्के उद्योगांनी उचलावयाचा होता. म्हणजे कारखान्याच्या रसायनांचा तीन चतुर्थांश भांडवली खर्च जनतेच्या माथी! २०२४ साली तर १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांसाठी असलेली कैदेची शिक्षा काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आली. झोपडीवाल्याला शिस्त शिकविणारे सरकार कारखानदाराला सवलत शिकवते.

नगरपालिकांच्या कंगालपणाचेही कारण स्वच्छ सांगितले पाहिजे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य आणि मलनिस्सारण ही कामे नागरी संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. कामे आली, उत्पन्न मात्र आले नाही. उलट होते तेही गेले. मुंबई महानगरपालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न असलेली जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच संपुष्टात आली आणि महापालिकेला राज्य सरकारच्या भरपाईवर अवलंबून राहावे लागले. स्वतःच्या उत्पन्नाचे साधन हिरावले गेलेली संस्था विजेचे बिल भरण्यासही परावलंबी होते. तिला अकार्यक्षम म्हणण्यापूर्वी तिचे हात कोणी बांधले हे विचारले पाहिजे.

दुसरा मार्ग आहे

खर्च कमी करण्याचे मार्गही आहेत, आणि ते कामगाराच्या जिवावर उठणारे नाहीत. कलकत्त्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ भागात शहराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन, ऊन आणि शेवाळ यांच्या साहाय्याने ते शुद्ध करून त्यात मासे वाढविण्याची विद्या तेथील कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास जगापुढे मांडला. २००२ साली हा भाग रामसर यादीत आला आणि २००६ साली डाव्या आघाडीच्या काळात पश्चिम बंगाल विधानसभेने त्याच्या संरक्षणाचा कायदा केला. येथे शुद्धीकरण हा खर्च नसून उपजीविका आहे. ही पद्धत मुंबईत जशीच्या तशी चालणार नाही, कारण तेवढी जमीन तेथे नाही. आणि कारखान्यांचे विषारी धातू मिसळलेल्या सांडपाण्याला ती चालूच नये. पण ज्या शेकडो लहानमध्यम शहरांभोवती अजून जमीन आहे, तेथे महागडी वीजखाऊ यंत्रणा लादण्यापूर्वी तळ्यांचा विचार होतो काय? होत नसेल, तर तो यंत्रविक्रेत्यांच्या सोयीसाठी होत नाही.

जेथे यंत्रणा अटळ आहे तेथेही मार्ग आहेत. चेन्नई येथील सार्वजनिक जलमंडळाने आपल्या केंद्रांतील गाळापासून मिळणाऱ्या वायूवर वीज निर्माण करून केंद्रांची गरज बऱ्याच अंशी भागविली आहे. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आतील औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरणे बंधनकारक आहे. ही तरतूद सर्वत्र कसोशीने अमलात आली तर उद्योगांकडून मिळणाऱ्या पैशातून चालन खर्चाचा मोठा भाग निघेल आणि पिण्याच्या पाण्यावरील ताणही हटेल. मात्र हे उत्पन्न नगरपालिकेच्या हातात पडले पाहिजे. जनतेचे सांडपाणी फुकट घेऊन ते शुद्ध करून विकण्याचा मक्ता खाजगी कंपनीला देणे म्हणजे पाण्याबरोबर उत्पन्नही वाहून जाऊ देणे होय.

कार्यकर्त्यांपुढील काम

हा प्रश्न तज्ज्ञांच्या हवाली करून चालणार नाही. इंदूर असो वा बडोदे, हैदराबाद असो वा सोलापूर, प्रत्येक शहरात पक्षाच्या शाखांना आणि नगरसेवकांना काही साध्या गोष्टी ताबडतोब हाती घेता येतील. केंद्राचे मासिक वीजबिल आणि रोजची प्रवाहनोंद मागावी. वीज कमी आणि शुद्ध पाणी जास्त, असा चमत्कार नोंदवहीत दिसला तर यंत्रे फक्त कागदावर चालत आहेत हे ओळखावे. नव्या केंद्राचा ठराव सभागृहात आला की त्याचा बांधकाम खर्च विचारून थांबू नये. पुढील पंधरा वर्षांचा चालन खर्च किती आणि तो कोणत्या सदरातून, हे लेखी घेतल्याशिवाय ठरावास मान्यता देऊ नये. केंद्रातील पंपचालक, फिटर, वीजतंत्री आणि सफाई कामगार यांना संघटित करावे. यंत्र केव्हा बंद होते, गाळ कोठे जातो आणि कोणते साधन नादुरुस्त आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

या कामातून ज्या मागण्या पुढे रेटावयाच्या त्या स्पष्ट आहेत. जी हमी कंपन्यांना दिली जाते ती पंधरा वर्षांच्या चालन निधीची हमी केंद्र सरकारने सार्वजनिक संस्थांना द्यावी. कायम स्वरूपाच्या कामावरील कंत्राटी कामगारांना सेवेत कायम करावे आणि कोणाही माणसाला गटारात उतरविणे पूर्ण थांबवावे. आकार लावावयाचा तर तो चढत्या दराने लावावा आणि वाहिनी नसलेल्या वस्त्यांना त्यातून वगळावे. उद्योगांच्या रसायनांचा संपूर्ण खर्च उद्योगांकडूनच घ्यावा. प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची रोजची तपासणी केंद्राच्या दारावर, लोकांना वाचता येईल अशा भाषेत लावावी.

शहरातील कामगार आपल्या घामाने संपत्ती निर्माण करतो आणि तिच्या उपभोगाची घाण त्याच्याच वस्तीशेजारच्या नाल्यातून वाहते. नदीकाठचा शेतकरी तेच पाणी पिकाला देतो, कोळी त्याच पाण्यात जाळे टाकतो. या तिघांना एकत्र आणणारा हा प्रश्न आहे. कोनशिला बसविणारे बसवून निघून जातात. पंप चालू राहतो की नाही हे पाहण्याचे काम संघटित जनतेलाच करावे लागेल.